रद्द झालेल्या मागणीचे निदान

टपालाने औषध पाठविणे आपल्या व्यवसायाला नवे नाही. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली आणि पुढे ‘व्ही. पी.ने मागवा’ हे शब्द मराठी नियतकालिकांतील औषधांच्या जाहिरातींत पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. पोस्टमनने पार्सल दारात आणावयाचे, घरच्यांनी पैसे मोजून ते सोडवून घ्यावयाचे. जी व्ही. पी. कोणी सोडवीत नसे ती परत येई आणि जाण्यायेण्याचा खर्च औषधशाळेच्या माथी बसे. आजची कॅश ऑन डिलिव्हरी ही त्याच व्ही. पी.ची नात म्हणावी लागेल. फरक एवढाच की, त्या काळी औषध मागविण्यासाठी पोस्टकार्ड आणावे लागे, त्यावर नाव-पत्ता लिहावा लागे, ते पेटीत टाकावे लागे. एवढ्या अवधीत माणसाचा विचार दोनदा तरी पालटून होई. आता अंथरुणात पडल्या पडल्या अंगठ्याने औषध मागविता येते, आणि त्याच अंगठ्याने ते नाकारताही येते.

या नाकारण्याने आपले अनेक सभासद त्रस्त आहेत. स्वतःची वेबसाइट असो, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरील दुकान असो की व्हॉट्सॲपवर येणारी मागणी असो, तक्रार एकच. गेल्या काही महिन्यांत औषधनिर्मात्या व औषधविक्रेत्या व्यवसायबंधूंशी बोलताना एक सूचना आमच्या कानी वारंवार आली. मागणी नोंदवून ती रद्द करणाऱ्या अथवा दारातून पार्सल परत पाठविणाऱ्या ग्राहकांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक यांची एक सामाईक यादी करावी आणि ती सभासदांत फिरवावी, अशी ती सूचना आहे. आमचा तिला विरोध आहे. त्याची कारणे पुढे ओघाने येतील. परंतु विरोध करणाऱ्याने दुखण्याचा विचारही केला पाहिजे, म्हणून प्रथम दुखण्याकडे वळू.

तोटा नेमका कोठे होतो

एक साधा हिशेब मांडून पाहावा. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. समजा, चूर्णाचा एक डबा आपण घरपोच २४० रुपयांना देतो. चूर्ण सिद्ध करण्याचा खर्च ११० रुपये, डबा, खोके व चिकटपट्टी यांचे २५ आणि कुरिअरचे ७०. कर बाजूला ठेवला तर हाती ३५ रुपये राहतात. आता हेच पार्सल ग्राहकाच्या दारातून परत आले. परतीचे आणखी ७० रुपये लागले. आतील चूर्ण पुन्हा विकण्याजोगे आहे असे धरले तरी १६५ रुपये गेले, म्हणजे जवळजवळ पाच पार्सलांचा नफा. चूर्ण टाकून द्यावे लागले तर २७५ रुपये गेले, म्हणजे जवळजवळ आठ पार्सलांचा.

आणि तीच मागणी पार्सल रवाना होण्यापूर्वी रद्द झाली असती तर? एखाद्या दूरध्वनीचा वेळ आणि पैसे आगाऊ आले असल्यास पेमेंट गेटवेचे किरकोळ शुल्क, याहून अधिक काही गेले नसते.

बहुतेक मंडळी ‘रद्द’ या एकाच शब्दाखाली या दोन्ही घटना मोजतात आणि दोन्हींवर सारखेच चिडतात. वस्तुतः पहिली घटना हा व्याधी आहे. दुसरी फार तर पूर्वरूप. सुश्रुताचार्यांच्या क्रियाकालाचा विचार येथेही लागू पडतो. दोष संचयावस्थेत असतानाच त्याचे निर्हरण करावे, तो प्रसर पावून स्थानसंश्रय करीपर्यंत वाट पाहू नये. जी मागणी रद्द व्हावयाचीच आहे ती औषध दुकानात असतानाच रद्द व्हावी, यासाठी आपण काय करतो? अनुभव असा की, नेमके उलट करतो. रद्द करण्याचे बटण वेबसाइटच्या तळाशी लपवून ठेवतो, दूरध्वनी उचलत नाही, ‘आता पार्सल पॅक झाले’ असे पॅक न करताच सांगतो. मग ग्राहक वाद घालीत बसत नाही. कुरिअरवाला दारात आला की ‘नको’ म्हणून मोकळा होतो.

परत आलेले औषध

कापड किंवा भांडे परत आले तर ते झटकून पुन्हा फडताळात ठेवता येते. औषधाचे तसे नाही, आणि या मुद्द्यावर आपल्या व्यवसायात पुरेसे बोलले जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शार्ङ्गधराचार्यांनी सवीर्यतेची मर्यादा सांगताना चूर्णाला दोन महिने आणि गुटी व लेह यांना एक वर्ष दिले आहे. घृत-तैलांच्या मुदतीबाबत पाठभेद आहेत. आसव, धातू व रस मात्र जुने होतात तसे अधिक गुणवान होतात असे त्यांचे मत. आजचा कायदा अधिक उदार आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१-ब मध्ये २०१६ साली जी सुधारणा झाली तीनुसार चूर्णास दोन वर्षे, घृतास दोन वर्षे आणि आसव-अरिष्टांस दहा वर्षांची मुदत आहे. आजची हवाबंद वेष्टने ध्यानात घेता ही मुदत अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु ती योग्य रीतीने साठविलेल्या औषधाची मुदत आहे. पार्सल एकदा आपल्या दारातून बाहेर पडले की ते कोठल्या गोदामात, कोणत्या पत्र्याखाली, किती दिवस पडून होते हे आपणांस कळत नाही. जाऊन परत येण्यात दोन ते तीन आठवडे सहज जातात. वैशाखात पाठविलेले घृत वितळून झाकणाच्या आट्यांतून बाहेर आलेले आम्ही पाहिले आहे. पावसाळ्यात गेलेले लवणभास्कर किंवा हिंग्वाष्टक परत येते तेव्हा डब्यात कधी कधी खडा झालेला असतो. सैंधव-सौवर्चलांचा तो स्वभावच आहे. गुग्गुळाच्या गोळ्या एकमेकींना चिकटतात. संधान पुरते झालेले नसेल तर आसवाच्या बाटलीचे बूच उष्णतेने उडते, आणि मग त्या एका बाटलीने खोक्यातील इतर सर्व औषधांना स्नान घडते.

यास्तव आमच्याकडे नियम असा ठेवला आहे. परत आलेले चूर्ण, घृत व अवलेह, सील शाबूत असले तरी, पुन्हा विकावयाचे नाहीत. काचेच्या बाटलीतील आसव-अरिष्ट आणि भस्मे, सील व बॅच क्रमांक तपासून, मूळ तारखेसह परत साठ्यात घ्यावीत. ज्या बाटलीचे सील किंचितही हलले असेल ती ओतून द्यावी. गुटी व तैलांचा निर्णय वैद्याने स्वतः पाहून घ्यावा. तो पॅकिंग करणाऱ्या मुलावर सोपवू नये. काही मित्रांना हा नियम फार कडक वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, सील न तुटलेले चूर्ण टाकणे म्हणजे वनस्पतीचाच अपमान आहे. भावना आम्हांस पटते, परंतु ज्या रुग्णाच्या हाती ते दुसऱ्यांदा पडेल त्याला त्याच्या प्रवासाची कल्पना नसते आणि गुण आला नाही तर दोष शास्त्रावर जातो.

हेतू कोणते

आता निदानाकडे. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. ऑनलाइन विक्रीत यांपैकी फक्त द्रव्य प्रवासाला निघते. वैद्य समोर नाही. उपस्थाता, म्हणजे घरातील शुश्रूषा करणारे माणूस, पुष्कळदा अंधारात असते. रोग्याचे म्हणून जे गुण सांगितले आहेत त्यांत ‘स्मृती’ हा एक आहे, आणि रात्री साडेअकरा वाजता मागविलेले औषध सकाळी आठवत नाही, असेही ग्राहक आम्हांस भेटले आहेत! विनोद सोडला तरी, तीन पाद गैरहजर असताना चौथ्याने स्थिर उभे राहावे ही अपेक्षा अवाजवी आहे. रद्द होणाऱ्या मागण्या आम्ही जेव्हा कारणांनिशी टिपू लागलो तेव्हा बहुतेकांच्या मुळाशी हे तीन अभावच आढळले. ग्राहकाचा लबाडपणा क्वचित आढळला.

वैद्याचा अभाव सर्वांत मोठा. एका गृहस्थांनी अम्लपित्तासाठी यष्टिमधु चूर्णाचे चार डबे एकदम मागविले होते. मागणी नक्की करण्यासाठी आमच्या सहकारी वैद्यांनी दूरध्वनी केला तेव्हा समजले की, त्यांना अनेक वर्षे रक्तदाबाचा विकार आहे आणि मूत्रल गोळ्या सुरू आहेत. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो, शरीरातील पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्यांबरोबर हा धोका अधिकच. ती मागणी आम्हीच त्यांना रद्द करावयास सुचविले, पैसे परत केले आणि त्यांच्या गावाजवळच्या एका वैद्यांकडे जाण्यास सांगितले. हिशेबाच्या वहीत ही मागणी ‘रद्द’ म्हणूनच नोंदली गेली. परंतु ती रद्द झाली नसती तर आपल्या हातून काय घडले असते याचा विचार करावा. याच जातीची उदाहरणे: मधुमेही माणसाने मागविलेला च्यवनप्राश, पाळी चुकली म्हणून गर्भधारणेची खातरजमा न करता मागविलेले कुमारीआसव, आठ दिवसांत वजन उतरावे म्हणून मागविलेला मेदोहर गुग्गुळ. अशा मागण्या रद्द होणे हेच पथ्यकर आहे, आणि त्या रद्द करविणे हे आपले कर्तव्य आहे.

याच सदरात शंकेमुळे रद्द होणाऱ्या मागण्या येतात. पैसे भरून झाल्यावर कोणीतरी सांगते की अरिष्टात मद्य असते, आणि ग्राहक घाबरून माघार घेतो. आसव-अरिष्टांत संधानाने उत्पन्न झालेला मद्यांश असतो व गूळ अथवा साखर असते, हे औषधाच्या माहितीतच ठळकपणे लिहावे. ज्याला ते चालत नाही तो मुळात मागविणारच नाही. कडू औषध कडू आहे असे लिहावे. तिक्तक घृत पाहिल्यावर ‘तूप समजून घेतले’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा हे सोपे.

उपस्थात्याचा अभाव निराळ्या रीतीने जाणवतो. बंगळूरला नोकरी करणारा मुलगा गावी असलेल्या वडिलांसाठी योगराज गुग्गुळ व महानारायण तैल मागवितो, पैसे दारात देण्याचा पर्याय निवडतो आणि वडिलांना सांगावयाचे राहून जाते. कुरिअरवाला बाराशे रुपये मागतो. म्हातारा माणूस अनोळखी खोक्यासाठी बाराशे रुपये देत नाही, आणि देऊही नयेत. फसवणुकीच्या इतक्या बातम्या वाचल्यानंतर त्याने केले तेच शहाणपणाचे. यावर उपाय म्हणून आम्ही मागणीच्या अर्जात दोन स्वतंत्र रकाने ठेवले: मागविणाऱ्याचे नाव व क्रमांक, आणि औषध घेणाऱ्याचे नाव व क्रमांक. दोन्ही वेगळे असतील तर पार्सल निघण्यापूर्वी घेणाऱ्याला दूरध्वनी जातो आणि रक्कम मागविणाऱ्याकडूनच आगाऊ घेतली जाते. या एका रकान्याने आमच्या परतीच्या पार्सलांत जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही.

तिसरे कारण लज्जेचे आहे. वाजीकरण योग, अर्श, प्रदर, शय्यामूत्र यांची औषधे माणसे ऑनलाइन मागवितात ती मुळात गावातील दुकानात नाव घ्यावयास नको म्हणून. आणि आपण काय करतो? खोक्यावर बाहेरून बीजक चिकटवतो, त्यावर औषधाचे नाव ठळक अक्षरांत. एका तरुणाचे पार्सल त्याच्या वडिलांच्या हाती पडले; त्याने ‘हे माझे नाही’ असे सांगून ते परत पाठविले. पुढे दोन दिवसांनी त्याने स्वतः दूरध्वनी करून क्षमा मागितली आणि औषध मिळण्याचा दुसरा काही मार्ग आहे का, असे विचारले. बीजक आत, बाहेर केवळ नाव, पत्ता व पाठविणाऱ्याचे साधे नाव, एवढी काळजी घेतली तर अशी पार्सले परत येण्याचे कारण उरत नाही.

उरलेल्या कारणांवर फार शाई खर्च करण्याचे प्रयोजन नाही. पाठवणीस विलंब झाला की ग्राहक जवळच्या दुकानातून औषध घेतो, पाठवणीचा खर्च शेवटच्या पायरीवर दाखविला की बिचकतो, पिनकोड चुकतो. आणि हो, तीन ठिकाणी मागणी नोंदवून जे प्रथम येईल ते ठेवणारेही असतात. त्यांच्यासाठी आगाऊ रकमेचा उपाय पुढे सांगितला आहे.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे जुलै २०२० मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील एका तरतुदीकडे आपल्या सभासदांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. मागणी नक्की केल्यानंतर ग्राहकाने ती रद्द केली म्हणून त्याच्याकडून रद्दीकरणाचे शुल्क घेता येत नाही. अपवाद एकच: विक्री करणाऱ्याने स्वतः एकतर्फी मागणी रद्द केल्यास तसेच शुल्क तोही सोसणार असेल तर. ‘मागणी रद्द केल्यास शंभर रुपये कापले जातील’ असे एकतर्फी वाक्य ज्यांच्या वेबसाइटवर आहे त्यांनी ते काढावे. तसेच माल सदोष असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल तर तो परत घेण्यास अथवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मुदतीचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. ‘चार दिवसांत घरपोच’ असे लिहून नवव्या दिवशी पार्सल पोहोचले तर ते नाकारणारा ग्राहक चुकलेला नाही.

दुसरी गोष्ट ग्राहकाला गोंधळात पाडणाऱ्या युक्त्यांची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई दाखविणे, ग्राहकाच्या टोपलीत न विचारता वस्तू टाकणे, किंमत तुकड्या-तुकड्यांनी उघड करणे, बाहेर पडण्याचा मार्ग अवघड करणे आणि नाही म्हणणाऱ्याला लाजविणे हे त्यांपैकी काही. शेवटचा प्रकार आपल्याकडे फार बोकाळला आहे. रद्द करण्याच्या बटणावर ‘नको, मला निरोगी राहायचे नाही’ असे लिहिलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलांना हे सुचते आणि आपण वाचून न पाहता मान्य करतो.

तिसरी गोष्ट अनुसूची ई(१) मधील द्रव्यांची. वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, धत्तूर, जयपाल, हिंगुळ, हरताळ, पारद इत्यादींनी युक्त औषधे ऑनलाइन विकताना नोंदणीकृत वैद्याचे चिकित्सापत्र ग्राहकाने अपलोड केल्यानंतरच विक्री व्हावी, असे याच प्राधिकरणाने मार्च २०२२ मध्ये ई-कॉमर्स संस्थांना कळविले आहे. त्रिभुवनकीर्तीची बाटली साध्या सर्दीच्या गोळ्यांसारखी टोपलीत टाकता येत असेल तर ती मागणी आपणच थांबविली पाहिजे. आणि आणखी एक सूक्ष्म मुद्दा: वैद्याने आपल्या स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविण्यास कायद्याने निर्मिती परवान्यातून सूट दिली आहे. ज्याला आपण पाहिले नाही, ज्याच्याशी बोललो नाही, अशा ऑनलाइन ग्राहकाला ‘आपला रुग्ण’ म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

करभरणीविषयी थोडक्यात: बीजक काढून झाल्यावर मागणी रद्द झाली अथवा माल परत आला तर बीजक फाडून चालत नाही, त्याची क्रेडिट नोट काढून विवरणपत्रात दाखवावी. पुढचे आपले हिशेबनीस जाणतात.

आम्ही काय करतो

पहिल्यांदा मागविणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला पार्सल निघण्यापूर्वी दूरध्वनी जातो. तो वैद्याने करावा. ते शक्य नसेल तर प्रशिक्षित सहायकाने करावा आणि शंका येताच वैद्याकडे द्यावा. प्रश्न तीनच: औषध कोण घेणार, त्रास काय व कधीपासून, दुसरी कोणती औषधे सुरू आहेत. त्यानंतर एकूण रक्कम व पोहोचण्याचा अंदाजे दिवस सांगावा आणि शेवटी स्पष्ट विचारावे, ‘पाठवू ना? नको असेल तर आता सांगा, काही अडचण नाही.’ हे अखेरचे वाक्य आमच्या सहायकांना सुरुवातीस जड जाई. विक्रीची सवय झालेल्या जिभेला ते येत नाही. परंतु जो या वाक्यावर ‘राहू द्या’ म्हणतो तो दारातही ‘नको’च म्हणणार होता, आणि तेव्हा आपले १६५ रुपये गेले असते.

दारात पैसे देण्याचा पर्याय आम्ही बंद केलेला नाही. ग्रामीण भागातील व वयस्क ग्राहकांचा विश्वास त्यावरच बसतो. मात्र पाठवणीचा खर्च आगाऊ घेतो. पार्सल निघण्यापूर्वी मागणी रद्द झाल्यास तो पूर्ण परत देतो. निघाल्यानंतर रद्द झाल्यास पाठवणीचा प्रत्यक्ष खर्च वळता होतो, आणि मागणी नक्की करून आम्हीच औषध पाठवू शकलो नाही तर तेवढीच रक्कम आम्ही ग्राहकाला देतो. अट दोन्ही बाजूंना सारखी असावी हे वर सांगितलेल्या नियमाला धरून आहे. तरी प्रत्येकाने वाक्यरचना आपल्या कायदा सल्लागाराकडून तपासून घ्यावी.

रुग्णाची प्रकृती पाहून स्वतंत्रपणे सिद्ध केलेली औषधे, मिश्रचूर्णाच्या पुड्या, विशिष्ट क्वाथाने सिद्ध केलेले तैल, यांची गोष्ट वेगळी. ती दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. त्यांची संपूर्ण रक्कम आगाऊ घ्यावी, आणि भावना-पाक सुरू होण्याचा दिवस ग्राहकाला लेखी कळवून त्या दिवसापर्यंत मागणी रद्द करण्याची मुभा ठेवावी. भट्टी पेटल्यावर रद्द करता येणार नाही, हे मराठीत व साध्या शब्दांत सांगितले की लोक ऐकतात.

मागणी रद्द झाली की ग्राहकाला पाठवावयाचा निरोप आम्ही ठरवून ठेवला आहे: ‘आपल्या इच्छेनुसार मागणी रद्द केली आहे. आपण भरलेली रक्कम आजच परत पाठविली आहे. बँकेत जमा होण्यास काही दिवस लागू शकतील. त्रास कायम असल्यास जवळच्या वैद्यांना अवश्य दाखवावे.’ यात सवलतीचे आमिष नाही, कारणांची चौकशी नाही. ज्यांना कारण सांगावयाचे असते ते आपणहून सांगतात.

ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. तेथे विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या मागण्या त्याच्या नावावर उणे म्हणून मोजल्या जातात. म्हणून साठा संपला की काही दुकानदार ग्राहकालाच दूरध्वनी करून ‘तुम्ही तुमच्या बाजूने रद्द करा’ असे सांगतात. हे असत्य आहे, आणि नंतर हेच दुकानदार ग्राहक मागण्या रद्द करतात म्हणून तक्रार करतात. साठ्याचा आकडा रोज संध्याकाळी दुरुस्त करावा, एवढाच याला उपाय.

यादीविषयी

आता त्या सामाईक यादीकडे. तिला विरोध असण्याचे पहिले कारण व्यावहारिक आहे. यष्टिमधु मागविणारे रक्तदाबाचे गृहस्थ, गावाकडचे ते वडील आणि लाजेने पार्सल परत पाठविणारा तो तरुण, हे तिघेही या यादीत प्रथम जाऊन बसतील. खरा लबाड असतो तो दुसऱ्या क्रमांकावरून मागवितो.

दुसरे कारण गंभीर आहे. औषधाच्या मागणीत केवळ नाव नसते; नावाबरोबर व्याधी असतो. अमुक गावच्या अमुक स्त्रीने प्रदरासाठी औषध मागवून रद्द केले, ही माहिती दीडशे सभासदांच्या भ्रमणध्वनींवर फिरणार असेल तर त्यास काय म्हणावे? चरकाचार्यांनी विमानस्थानात वैद्याला जे वर्तन सांगितले आहे त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याचा स्पष्ट आदेश आहे. व्याधीचे नाव न लिहिता फक्त क्रमांक फिरवू, असा पर्याय काहींनी सुचविला आहे. परंतु तो क्रमांक अर्शाच्या औषधांसाठी प्रसिद्ध असलेल्या औषधशाळेकडून आला असेल तर व्याधी वेगळा लिहावा लागत नाही. शिवाय संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला आहे. ग्राहकाने आपला क्रमांक पार्सल मिळावे म्हणून दिला. तो दुसऱ्या हेतूने वाटण्यास त्याची संमती नाही.

प्रत्येक औषधशाळेने स्वतःच्या उपयोगापुरती नोंदवही ठेवावी, यास मात्र आमची पूर्ण संमती आहे. तिच्यात ग्राहकाचे नाव नसावे. दिनांक, औषधाचा कल्प, मागणी रद्द होण्याची वेळ (रवाना होण्यापूर्वी, वाटेत की दारात), कारण, परत आलेल्या औषधाची स्थिती आणि त्याची लावलेली विल्हेवाट, एवढे सहा रकाने पुरेत. नावाविना अशा नोंदी सभासदांनी दर तिमाहीस एकत्र केल्या तर कोणत्या ऋतूत कोणता कल्प प्रवासात बिघडतो, कोणत्या मागण्या दूरध्वनीने थांबल्या, हे सर्वांना पाहता येईल. वार्षिक सभेत यादीची सूचना चर्चेस येईल तेव्हा आम्ही आमची नोंदवही सोबत आणणार आहोत. ज्यांच्याकडे अशा नोंदी आहेत त्यांनीही त्या आणाव्यात, ही विनंती.